सरकारी शाळांच्या न्याय्य निधीसाठी चर्चच्या मंडळीने काय आणि कसं करावं? (पेनसिल्व्हेनिया)

दीपस्तंभ

नमस्कार. प्रश्न पेनसिल्व्हेनियातला आहे, पण इतर राज्यांतल्या जाणकारांनीही लिहावं.

आमच्या चर्चमध्ये सार्वजनिक शाळांच्या निधीवर काम करणारा गट सुरू करायचा विचार चालू आहे. दप्तरं-वह्या वाटणं दर ऑगस्टला होतंच आणि होत राहील. पण शाळेला ग्रंथपाल नाही, शेकडो मुलांमागे एकच समुपदेशक आहे, छत गळतंय, हे काही दप्तरं वाटून सुटत नाही. त्याचं उत्तर हॅरिसबर्गच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या अर्थसंकल्पात आहे.

तर प्रश्न असे. करसवलतीला धक्का न लावता चर्च कुठवर जाऊ शकतं? मागणी नेमकी कोणती ठेवावी? आणि वर्षात केव्हा काय करावं? मंडळीत एच-वन आणि ग्रीन कार्डवाले बरेच आहेत, त्यांना यात भाग घेता येतो का?

---

काटकोन

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण बहुतेक पाळक आणि वडील मंडळी तिथेच अडतात.

दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात. एक म्हणजे उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीपासून ५०१(सी)(३) संस्थांना, म्हणजे चर्चसारख्या करमुक्त धर्मादाय संस्थांना, तो वर्ज्य आहे. दुसरी म्हणजे लॉबिंग, म्हणजे ठरावीक विधेयकाला किंवा बजेटमधल्या तरतुदीला पाठिंबा द्या अथवा विरोध करा असं आमदाराला सांगणं, किंवा लोकांना तसं सांगायला लावणं. हे चर्चला करता येतं. अट एवढीच की तो संस्थेच्या एकूण कामाचा 'मोठा भाग' नसावा.

मोठा भाग म्हणजे किती? कायद्यात टक्केवारी नाही. १९५५ च्या एका खटल्यात अपील न्यायालयाने ५ टक्क्यांहून कमी वेळ आणि श्रम म्हणजे मोठा भाग नव्हे असं धरलं होतं, म्हणून बरेच वकील तो आकडा सावधगिरीची रेघ म्हणून सांगतात. इतर धर्मादाय संस्था फॉर्म ५७६८ भरून खर्चावर आधारलेली स्पष्ट मर्यादा घेऊ शकतात. चर्चला तो पर्याय नाही. त्यामुळे नोंदी ठेवाव्यात: बसभाडं, छपाई, पगारी कर्मचाऱ्यांनी या कामाला दिलेले तास. एक साधी वही किंवा शीट पुरते.

शाळांची परिस्थिती सांगणं, निधी कसा वाटला जातो ते समजावणं, प्रार्थनासभा घेणं, यात ठरावीक विधेयकाबद्दल आवाहन नसेल तर ते लॉबिंगमध्ये मोडतच नाही. जनमत चाचणीवर 'हो म्हणा' असं सांगणं मात्र लॉबिंग धरलं जातं.

---

निळीशाई

काटकोन, यात एक भर. लोक घसरतात ते स्कूल बोर्डाच्या, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या निवडणुकीत. पेनसिल्व्हेनियात बोर्डावर साधारण ९ सदस्य असतात, ४ वर्षांच्या मुदतीचे, आणि निवडणूक विषम वर्षी. उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत अर्ज भरू शकतो, त्यामुळे सगळ्यांना ती 'बिनराजकारणी' वाटते आणि चर्चच्या फेसबुक पानावर "आपल्या अमुक ताईंना मत द्या" असं कोणीतरी टाकून मोकळं होतं. तेही सार्वजनिक पदच आहे. ताई कितीही चांगल्या असल्या तरी चर्चच्या पानावरून, व्यासपीठावरून, पत्रकातून ते जाता कामा नये. ताईंना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरून प्रचार करायला मंडळीतली कोणीही व्यक्ती मोकळी आहे.

उमेदवारांची चर्चा ठेवायची असेल तर सगळ्यांना सारखं आमंत्रण, सारखा वेळ, प्रश्न आधी लिहून ठेवलेले, आणि सूत्रसंचालक निष्पक्ष.

---

काटकोन

बरोबर. बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने १९९२ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत एका उमेदवाराविरुद्ध जाहिरात दिली आणि करसवलत गमावली. २००० मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. लॉबिंगमुळे सवलत गेलेलं चर्च क्वचित सापडेल, प्रचारामुळे मात्र गेलेली आहे.

---

पाटीपेन्सिल

आता मागणीबद्दल. आधी यंत्रणा समजून घ्या, नाहीतर आमदाराच्या पहिल्याच प्रश्नाला गट गप्प होतो.

पेनसिल्व्हेनियात ५०० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका बोर्डाखालचे शाळांचे विभाग, आहेत. शाळांच्या एकूण उत्पन्नात राज्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आत आहे, आणि निम्म्याहून जास्त पैसा स्थानिक करांतून येतो, मुख्यतः घरपट्टीतून. घरपट्टी मिल्समध्ये मोजतात. १ मिल म्हणजे दर १,००० डॉलर मूल्यामागे १ डॉलर.

सगळा अन्याय या एका गणितात दिसतो. समजा 'अ' डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तेचं बाजारमूल्य ५० कोटी डॉलर आहे आणि ४,००० मुलं. १ मिल लावला की ५ लाख डॉलर जमतात, मुलामागे १२५. 'ब' मध्येही ४,००० मुलं, पण मालमत्ता ४०० कोटींची. तिथे त्याच १ मिलमधून मुलामागे १,००० डॉलर. २ लाखांचं घर असलेला माणूस दोन्हीकडे तेच २०० डॉलर भरतो. त्याच्या मुलाच्या वर्गात पोचणारी रक्कम आठपट वेगळी. आणि होतं असं की 'अ' मधले लोक पैसा पुरत नाही म्हणून मिल्स वाढवत नेतात, घरांच्या किमती आणखी पडतात, आणि शेवटी जास्त दराने कर भरून कमी पैसा जमतो.

हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. मंडळीतल्या आजीपासून कॉलेजातल्या पोरापर्यंत सगळ्यांना समजतं.

---

मोजमाप

पाटीपेन्सिल यांचं उदाहरण बाजारमूल्यावर आहे हे विसरू नका. खऱ्या डिस्ट्रिक्टांची तुलना करताना लोक कराच्या बिलावरचे मिल्स उचलतात आणि आपटतात. प्रत्येक काउंटीने मालमत्तेचं मूल्यांकन वेगवेगळ्या वर्षी केलंय, काहींनी कित्येक दशकांपूर्वी. त्यामुळे एका काउंटीतले ३० मिल्स आणि दुसरीतले १२० यांची तुलना निरर्थक असते. राज्याच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीत 'इक्वलाइज्ड मिल्स' असा रकाना असतो, जमा झालेला स्थानिक कर भागिले बाजारमूल्य. तोच वापरा. विरोधी बाजूचा माणूस ही चूक पहिल्या मिनिटात पकडतो आणि मग तुमचं बाकीचं कोणी ऐकत नाही.

---

पाटीपेन्सिल

हो, हे लिहायचं राहिलं होतं. धन्यवाद.

पुढे राज्याचा निधी. २०१६ च्या कायद्याने 'फेअर फंडिंग फॉर्म्युला' आला. मुलं नुसती मोजत नाहीत, गरजेप्रमाणे वजन देतात. दारिद्र्यरेषेखालच्या (अतिगरीब) मुलाला जादा ०.६, तिच्या जरा वरच्याला (गरीब) ०.३, अतिगरीब मुलं ३० टक्के किंवा जास्त असतील तर त्या मुलांमागे आणखी ०.३, इंग्रजी शिकणाऱ्याला ०.६, चार्टर शाळेत (सरकारी पैशावरच्या स्वायत्त शाळेत) गेलेल्यामागे ०.२. १,००० मुलांच्या डिस्ट्रिक्टमध्ये ३०० अतिगरीब, २०० गरीब, १०० इंग्रजी शिकणारी आणि ५० चार्टरमधली असतील तर १८० + ६० + ९० + ६० + १० म्हणजे ४०० ची भर, म्हणजेच १,४०० मुलं धरली जातात. मग विरळ वस्तीचा हिशोब, आणि शेवटी घरटी उत्पन्न आणि स्थानिक करक्षमता यांचे गुणक. चालू वर्षाची शीट खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

फॉर्म्युला चांगला आहे. अडचण अशी की तो सगळ्या पैशाला लागू केला नाही. २०१४-१५ मध्ये ज्याला जितकं मिळत होतं तितकं तसंच ठेवलं, याला 'होल्ड हार्मलेस' म्हणतात, आणि फॉर्म्युला फक्त त्यानंतरच्या वाढीला लावला.

---

तांबडीमाती

म्हणजे मागणी सरळ आहे की. १०० टक्के पैसा फॉर्म्युल्याने वाटा! फिलाडेल्फियातली 'पॉवर' ही सर्वधर्मीय मंडळींची संघटना हेच मागत आली आहे. राज्याचा जुना पैसा वाटताना जास्त गोऱ्या वस्तीच्या डिस्ट्रिक्टांना तितक्याच गरिबीच्या पण कमी गोऱ्या डिस्ट्रिक्टांपेक्षा जास्त मिळतो, हे त्यांनीच आकड्यांनिशी मांडलं होतं. चर्चने वर्णाचा मुद्दा सोडून नुसतं 'निधी वाढवा' म्हणणं मला पटत नाही.

---

शिवारातला

तांबडीमाती, वर्णाचा मुद्दा सोडू नये हे मान्य. पण '१०० टक्के, आत्ताच' यावर माझा आक्षेप आहे.

होल्ड हार्मलेसचा फायदा श्रीमंत उपनगरांना मिळतो असा समज आहे. प्रत्यक्षात जिथे मुलांची संख्या घटत गेली त्या डिस्ट्रिक्टांना तो जास्त मिळतो, आणि त्यात पश्चिम आणि उत्तर पेनसिल्व्हेनियातली कोळशाची, पोलादाची, शेतीची गरीब गावं खूप आहेत. मुलं २० टक्के घटली म्हणून बसचे मार्ग २० टक्के घटत नाहीत, बॉयलर तेवढाच कोळसा-गॅस पितो, आणि तिसरीच्या वर्गात २४ ऐवजी १९ मुलं असली तरी शिक्षिका एकच लागते. त्याच पैशात नवी वाटणी केली तर फिलाडेल्फिया, रेडिंग, ॲलनटाउन यांना न्याय मिळेल, पण दुसरीकडची गरीब शाळा बंद पडेल.

राजकारणाचंही बघा. राज्याच्या खालच्या सभागृहात २०३ आणि सिनेटमध्ये ५० सदस्य. ग्रामीण आमदारांशिवाय बहुमत होत नाही. एका मंडळीने मागितलेला न्याय दुसऱ्या गावच्या मंडळीच्या ताटातून काढलेला असेल तर दोन्ही चर्च एकमेकांविरुद्ध उभी राहतात.

---

तांबडीमाती

मुद्दा रास्त आहे. पण मग वाढत्या शहरी डिस्ट्रिक्टांनी किती वर्षं थांबायचं? तिथे आज तिसरीत असलेलं मूल फॉर्म्युल्याची वाढ हळूहळू झिरपेपर्यंत बारावी होऊन बाहेर पडतं.

---

पाटीपेन्सिल

या वादाचं उत्तर २०२३ नंतर बदललंय.

शाळांच्या निधीवरून राज्याविरुद्ध खटला नोव्हेंबर २०१४ मध्ये दाखल झाला. वादी सहा डिस्ट्रिक्ट: विल्यम पेन, पँथर व्हॅली, लँकेस्टर, ग्रेटर जॉन्सटाउन, विल्क्स-बॅरी एरिया आणि शेनँडोआ व्हॅली. सोबत पालक, एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेची राज्य शाखा आणि ग्रामीण व लहान शाळांची संघटना. म्हणजे शहरी आणि ग्रामीण एकाच बाकावर, शिवारातला यांना हवं तसंच. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'हा प्रश्न न्यायालय ऐकू शकतं' असं ठरवलं. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ सुनावणी झाली. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी कॉमनवेल्थ कोर्टाच्या अध्यक्ष न्यायाधीश रेने कोन जुबेलिरर यांनी ७८६ पानी निकाल दिला की ही पद्धत राज्यघटनेचा भंग करते. घटनेच्या तिसऱ्या प्रकरणातलं १४ वं कलम विधिमंडळावर 'संपूर्ण आणि कार्यक्षम' सार्वजनिक शिक्षणव्यवस्था चालवण्याची जबाबदारी टाकतं. निकालाविरुद्ध अपील झालं नाही.

मग जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या आयोगाने तूट मोजली: राज्याने सुमारे ५१० कोटी डॉलर ७ वर्षांत द्यावेत. यात कोणाचं काढून घ्यायचं नाही. प्रत्येक डिस्ट्रिक्टला पुरेसं शिक्षण द्यायला किती लागतं आणि आज किती आहे, यातलं अंतर नव्या पैशाने भरायचं. शहरी आणि ग्रामीण दोघांचीही नावं त्या यादीत आहेत.

२०२४-२५ च्या बजेटमध्ये पहिला हप्ता साधारण ५० कोटींचा आला, २०२५-२६ मध्ये ५६.५ कोटी. दोन्ही मिळून बघा, ७ वर्षांच्या वेगाने दरवर्षी ७३ कोटींच्या आसपास यायला हवेत. म्हणून मागणी एका वाक्यात: तुटीचा पुढचा हप्ता वेळेवर आणि पूर्ण, आणि ७ वर्षांच्या आत सगळी तूट बंद. तांबडीमाती, तुमचा 'किती वर्षं थांबायचं' हा प्रश्न आमदाराला याच वाक्याने विचारा.

---

मोजमाप

बजेट वाचताना: हा पैसा 'बेसिक एज्युकेशन फंडिंग'च्या ओळीत शोधू नका. तो 'रेडी टू लर्न ब्लॉक ग्रँट'मध्ये येतो. चुकीची ओळ पाहून "वाढ काहीच नाही" असं पत्रक छापलं गेलं तर ते मागे घ्यावं लागतं.

आणि मराठीत बोलताना मिलियन-कोटीचा घोळ टाळा. १० मिलियन म्हणजे १ कोटी, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. '५.१ बिलियन'चे ५.१ कोटी करून सांगितले तर प्रश्नच मिटल्यासारखा वाटतो!

---

वाटसरू७७

मुळात चर्चने यात का पडावं? धर्म आणि राज्यसत्ता वेगळी ठेवा म्हणायचं आणि मग चर्चनेच विधिमंडळात जायचं? प्रार्थना करा, मुलांना शिकवण्या द्या. ते उत्तम काम आहे.

---

उंबरठा

वाटसरू, वेगळेपणाचा अर्थ सरकारने धर्म लादू नये, धर्माला सरकारी आधार देऊ नये, असा आहे. श्रद्धाळू नागरिकाने तोंड बंद ठेवावं असा नाही. सार्वजनिक शाळेत सगळ्या धर्मांची आणि कोणताच धर्म नसलेली मुलं एका बाकावर बसतात. त्या शाळेसाठी पैसे मागताना चर्च स्वतःसाठी काही मागत नाही, म्हणून तर त्याच्या शब्दाला वजन येतं.

परंपराही जुनी आहे. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातल्या कॅथलिक पॅरिशांनी १९७४ मध्ये 'कॉप्स' ही संघटना उभी केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्याच शहरातल्या एजवुडच्या पालकांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ ने हरला होता. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही असं ठरलं, म्हणून तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांत लढावी लागते. टेक्सासमध्येच २०१३ पासून 'पास्टर्स फॉर टेक्सास चिल्ड्रन' काम करतं.

आणि पवित्र शास्त्राचं म्हणाल तर नीतिसूत्रे ३१:८-९ वाचा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, असंच सांगितलंय. नुसतं दान दे असं नाही.

---

वाटसरू७७

ठीक आहे, हे पटण्यासारखं आहे. पण मग ख्रिस्ती खाजगी शाळांचं काय? चर्चमधले काही पालक तिथे मुलं घालतात. राज्य ईआयटीसी करसवलतीतून (शिक्षणासाठी देणगी देणाऱ्या कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतीतून) शिष्यवृत्त्या देतं. हा गट त्यांच्या विरोधात जाणार का?

---

उंबरठा

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत टेबलावर घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी मंडळीत फूट पडते. दोन मार्ग दिसतात. एक, व्हाउचर (खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा) आणि करसवलतीविषयी भूमिका घ्यायची नाही, फक्त तुटीच्या निधीवर एकमत ठेवायचं. दुसरा, सार्वजनिक पैसा सार्वजनिक शाळेलाच अशी स्पष्ट भूमिका. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, कारण खाजगी शाळा प्रवेश नाकारू शकते आणि सार्वजनिक शाळेला प्रत्येक मूल घ्यावंच लागतं. पण मंडळी एकत्र राहणार असेल तर पहिला मार्गही प्रामाणिक आहे. जे ठरेल ते लिहून ठेवा. घरच्या मुलांना कोणत्या शाळेत घालायचं हा ज्याचा त्याचा निर्णय, त्यावर गटात शेरेबाजी नको.

---

शिवारातला

पाटीपेन्सिल यांनी सांगितलेल्या खटल्याच्या सुनावणीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. विधिमंडळाच्या बाजूच्या वकिलाने एका शिक्षणाधिकाऱ्याला साक्षीत विचारलं होतं, की सुतारकाम करणाऱ्याला जीवशास्त्राचा काय उपयोग, मॅकडोनाल्डमध्ये काम करायला निघालेल्याला बीजगणित कशाला. ज्या मंडळीचा प्रभू सुताराच्या घरात वाढला तिला या प्रश्नाचं उत्तर देण्याचा पुरेपूर अधिकार आहे.

त्याच सुनावणीत पँथर व्हॅलीच्या शाळेचं वर्णन आलं: बालवाडीच्या ७५ मुलांना मिळून एकच टॉयलेट. पाच-सहा वर्षांची मुलं. रांगेतल्या शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत वर्गात काय चाललं असेल, त्या बाईंचा किती वेळ नुसता रांग सांभाळण्यात जात असेल, हे मनात आणून पाहा. ५१० कोटींचा आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही, हे राहतं.

---

सुईदोरा

😔 ७५ ला १.

दीपस्तंभ, तुमच्या डिस्ट्रिक्टचं असं एक वाक्य शोधा. तेच पत्रकाच्या माथ्यावर जाऊ दे.

---

निळीशाई

शोधायचं कसं तेही सांगते. आधी 'ऐकण्याची मोहीम'. उपासनेनंतर ८-१० जणांच्या घरगुती बैठका, प्रत्येकीत दोनच प्रश्न: शाळेत मुलाला काय मिळत नाही, आणि त्याचा घरावर काय परिणाम होतो. भाषण नाही, उपाय नाहीत, एकाने लिहून घ्यायचं. मंडळीतले शिक्षक, बसचालक, कॅफेटेरियात काम करणाऱ्या बायका यांना आवर्जून बोलवा. पालकांपेक्षा त्यांना जास्त दिसतं. मात्र चालू कर्मचाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुठेही जाऊ नये.

मग कागद. राइट-टू-नो कायद्याखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराखाली, डिस्ट्रिक्टला अर्ज करा. ५ कामाच्या दिवसांत उत्तर यावं लागतं, आणखी ३० दिवसांची मुदतवाढ ते घेऊ शकतात, म्हणून मार्चमध्ये लागणारा कागद जानेवारीतच मागा. अर्जात "शाळांच्या दुरवस्थेची माहिती द्या" असं लिहिलं तर हाती काही लागत नाही, कारण कायदा कागद देतो, उत्तरं देत नाही. "मागील दोन वर्षांचे छताच्या तपासणीचे अहवाल", "समुपदेशक व परिचारिका यांच्या शाळानिहाय नेमणुकांची यादी" असं नेमकं मागा.

---

घड्याळजी

वर्षाचं वेळापत्रक, कारण नेमकं इथेच चुकतं. बहुतेक गट मे-जूनमध्ये जागे होतात, तेव्हा आकडे जवळपास ठरलेले असतात.

शरद ऋतूत बैठका आणि माहिती. डिसेंबर-जानेवारीत आमदाराच्या मतदारसंघातल्या कार्यालयात पहिली भेट. फेब्रुवारीत गव्हर्नरचं बजेट भाषण, त्यानंतर दोन्ही सभागृहांच्या ॲप्रोप्रिएशन्स (खर्च ठरवणाऱ्या) समित्यांच्या सुनावण्या. एप्रिल-मेमध्ये हॅरिसबर्गला मोठी भेट. ३० जूनला वर्ष संपतं आणि तोवर बजेट व्हायला हवं. 'हवं' म्हणतोय, कारण २०२५ मध्ये सही १२ नोव्हेंबरला झाली. तोवर डिस्ट्रिक्टांना राखीव निधी मोडावा लागला, कुठे कर्ज काढावं लागलं, आणि त्याचं व्याज शाळांच्याच पैशातून गेलं. म्हणून जून उलटला की गट विसर्जित करू नका, उशीर झालाच तर जुलैपासूनचा दबाव जास्त महत्त्वाचा.

स्थानिक वेळापत्रक समांतर चालतं. डिस्ट्रिक्टचं वर्षही १ जुलैला सुरू होतं. अंतिम मंजुरीच्या किमान ३० दिवस आधी प्रस्तावित बजेट मंजूर करून लोकांपुढे ठेवावं लागतं. घरपट्टी किती वाढवता येईल यावर २००६ च्या ॲक्ट १ ची मर्यादा आहे, म्हणून बोर्डावर नुसतं ओरडून उपयोग नाही. बरेचदा बोर्डच तुमच्या बाजूचं असतं. त्यांच्याकडून राज्याला उद्देशून ठराव करून घ्या.

फिलाडेल्फियावाल्यांसाठी: तिथल्या स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकारच नाही, तो सिटी कौन्सिलकडे आहे. निवेदन योग्य दारात द्या.

---

सुईदोरा

आमदाराच्या भेटीबद्दल कोणी लिहील का? १५ मिनिटांत काय काय होतं?

---

निळीशाई

५-६ जण, जास्त नको. कामं वाटलेली: एक जण ओळख करून देतो, मंडळी कोणत्या भागातली आणि त्यातली किती कुटुंबं या मतदारसंघात राहतात हे सांगतो. दुसरा शाळेतली एक गोष्ट, २ मिनिटं. तिसरा डिस्ट्रिक्टच्या तुटीचा एकच आकडा. चौथा मागणी: "पुढच्या बजेटमध्ये तुटीच्या पूर्ण हप्त्याला तुम्ही मत द्याल का, आणि तुमच्या पक्षनेत्यांना तसं लेखी कळवाल का?" आणि मग गप्प बसायचं. शांतता जड वाटते म्हणून आपलाच कोणी "म्हणजे, विचार तरी करा" असं बोलून टाकतो आणि आमदार सुटतो. पाचवा सगळं लिहून घेतो.

आमदार चार्टर, गुन्हेगारी, आपला स्वतःचा शाळेतला काळ असं कुठेही वळला तरी चौथ्याने प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारायचा. निघताना एकपानी कागद द्यायचा, आणि २४ तासांत आभाराची ईमेल ज्यात त्यांनी दिलेलं आश्वासन लिहिलेलं असेल. कर्मचाऱ्याशी भेट झाली तर नाराज होऊ नका, कागद वाचणारा तोच असतो. अधिवेशनाचे दिवस साधारण सोमवार ते बुधवार. मतदारसंघात भेटायचं तर गुरुवार-शुक्रवार मागा.

भेटीत तुमच्या निवडणुकीला मदत करू, पाडू, असा शब्दही नको. वर काटकोन यांनी लिहिलंय ते इथे लागू होतं.

---

तांबडीमाती

बोर्डाच्या सभेत बोलायला २-३ मिनिटं मिळतात. इंग्रजीत २५०-३५० शब्द. घड्याळ लावून सराव करा, कारण "माझा शेवटचा मुद्दा" हा मराठी माणसाचा मधलाच मुद्दा असतो 😀 आणि तिथे माईक खरंच बंद करतात.

---

काटकोन

व्हिसाचा प्रश्न राहिला. आमदाराला भेटणं, पत्र लिहिणं, निवेदनावर सही करणं, शांततापूर्ण मोर्चात जाणं यासाठी नागरिकत्व लागत नाही. सनशाइन ॲक्ट या खुल्या सभांच्या कायद्याखाली बोर्डाच्या सभेत बोलायचा हक्क तिथल्या रहिवाशांना आणि करदात्यांना आहे. भाड्याने राहणारा एच-वनवालाही रहिवासीच.

काय करू नये: मतदार नोंदणीच्या टेबलावर चुकूनही स्वतःचा फॉर्म भरू नये, नागरिक नसलेल्याला ते फार महागात पडतं. 'मी तुमचा मतदार' असं म्हणू नये, 'तुमच्या मतदारसंघात राहतो' म्हणावं. आणि एच-वनवाल्यांनी कोणत्याही पातळीच्या निवडणुकीला देणगी देऊ नये. ग्रीन कार्डधारकांना ती देता येते. ज्याच्या अर्जाचं काही नाजूक चालू आहे त्याने पुढे यायचं की नाही हे आपल्या वकिलाला विचारून ठरवावं, आणि गटाने त्याला आग्रह करू नये. मागे राहून आकडे जमवणारेही लागतातच.

---

दीपस्तंभ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण उरली. आमचं चर्च ज्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे त्याला तूट जवळपास नाही, शाळा चांगल्या आहेत. तूट शेजारच्या डिस्ट्रिक्टची आहे. मंडळीतल्या काहींना भीती आहे की आपल्या शाळांचे पैसे जातील. काहींना वाटतं की ज्यांचा प्रश्न त्यांनीच बोलावं.

---

शिवारातला

भीतीचं उत्तर वर आलंय: तुटीचा निधी नवा आहे, तुमचा आजचा वाटा तसाच राहतो. तरी शंका असेल तर तुमच्या डिस्ट्रिक्टची मागची दोन वर्षं आणि चालू वर्ष यांची ओळ छापून दाखवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्या आमदाराच्या मतदारसंघात तूट नाही, त्याच्यावर या प्रश्नाचा दबाव कोणाचाच नसतो. त्याचं मत मात्र तितकंच मोजलं जातं. ते मत फक्त तुमची मंडळी आणू शकते, शेजारची नाही.

---

उंबरठा

आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या चर्चकडे आधी जा. आपलं निवेदन तयार करून सही मागायला नको, मोकळ्या हाताने ऐकायला जा. मागणी त्यांनी ठरवावी, बोलताना पुढे ते असावेत, तुम्ही बस, जेवण, छपाई आणि तुमच्या आमदाराचं दार सांभाळा. दोन पाळकांची भेट आधी होऊ द्या, मग गटांची. रविवारी त्यांच्या उपासनेला जाऊन बसलात तर उत्तमच.

---

घड्याळजी

पहिली संयुक्त बैठक जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठेवा, म्हणजे बजेट भाषणाच्या आधी होईल. शनिवारी सकाळी, दीड तास, मुलं सांभाळायला वेगळी खोली आणि दोन माणसं. ही सोय नसेल तर नेमके शाळकरी मुलांचे पालकच येऊ शकत नाहीत.

---

दीपस्तंभ

खोली आहे, माणसंही मिळतील. पाळकांशी या आठवड्यात बोलते. निळीशाई, राइट-टू-नो अर्जाचा मसुदा इथेच टाकला तर तपासून द्याल का?

---

निळीशाई

टाका. तारीख, कागदाचं नेमकं वर्णन आणि कागद ईमेलने हवेत की छापील, एवढं असू द्या. कारण लिहू नका, कायद्याने ते द्यावं लागत नाही.